मॉडेल विमानांवर लाकूड आणि चामडं : रंगवता कसं?

सागवानी (धागाकर्ता)

पहिल्या महायुद्धातली विमानं करायला घेतली की लाकडापासून सुटका नाही. प्रोपेलर लाकडी, दोन पंखांमधले स्ट्रट (खांब) पुष्कळदा लाकडी, कॉकपिटमधला सांगाडा पुष्कळदा लाकडी, आणि अल्बाट्रोस हे जर्मन लढाऊ विमान असेल तर अख्खा फ्यूजलाज (विमानाचं धड) प्लायवूडचा. तरीही बहुतेक मॉडेल्सवर लाकूड फसतं. कारण एकच : रेषा फार ठळक काढल्या जातात.

हिशेब करून बघा. बारीकात बारीक ब्रशने ०.१ मिमीची रेघ ओढली, तरी १/४८ स्केलमध्ये (मॉडेल खऱ्याच्या ४८ पट लहान) ती खऱ्या विमानावर जवळजवळ ५ मिमी रुंद होते आणि १/७२ मध्ये ७ मिमीच्या वर जाते. इतक्या जाड रेषा असलेलं लाकूड विमानाला कोणी वापरेल का? त्यात अल्बाट्रोसचं प्लायवूड बर्चचं. बर्चचा पापुद्रा सहसा ओंडका गोल फिरवून सोलून काढतात, शार्पनरमधून पेन्सिलीची साल निघते तसा. म्हणून त्यावर सरळ समांतर रेषा नसतात. पसरट, लाटांसारखे, फिकट डाग असतात, आणि तेही चार हात लांबून जवळजवळ दिसत नाहीत.

मग लांबून नजरेत काय भरतं? प्लायवूडच्या एका पत्र्याचा (पॅनेलचा) आणि शेजारच्या पत्र्याचा रंग किंचित वेगळा असतो, ते. मॉडेलवर लाकूड खरं वाटतं ते या फरकामुळे. रेषा नंतर, आणि त्याही थोड्याच.

माझी पद्धत सांगतो.

बेस फिकट ठेवायचा, लाकडात जो सगळ्यात उजळ रंग दिसतो तो. मी तामिया या रंगांच्या कंपनीचे बफ (एक्सएफ-५७) आणि डेझर्ट यलो (एक्सएफ-५९) वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून तीन छटा करतो. सगळा फ्यूजलाज मधल्या छटेत मारायचा, मग मास्किंग टेप लावून काही पत्रे उजळ आणि काही गडद करायचे. शेजारच्या दोन पत्र्यांत फरक जेमतेम जाणवेल एवढाच हवा. बुद्धिबळाचा पट झाला तर पुन्हा मधल्या छटेचा अगदी पातळ थर सगळ्यावर फिरवायचा, फरक आपोआप दबतो.

त्यावर ऑइल कलर, म्हणजे चित्रकार वापरतात ते ट्यूबमधले. रॉ सिएना, बर्न्ट सिएना, बर्न्ट उंबर एवढे पुरतात. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, म्हणजे त्यातलं जादा जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो. मग पत्र्यावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन ठिपके ठेवायचे आणि कडक केसांच्या, झिजलेल्या चपट्या ब्रशने एकाच दिशेला ओढायचे. थिनर नको. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश कापडाला पुसायचा. हात किंचित थरथरवला की रेषेला लाट येते. एक पत्रा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याची दिशा एखाद्या अंशाने बदलायची.

बेस सॅटिन (अर्धवट चमकीचा) असावा. चकचकीत बेसवर ऑइल घसरतं आणि पार मॅट बेसमध्ये ते मुरून सगळं मळकट होतं.

शेवटी वॉर्निश. लाकडाचा जो मधाळ पिवळेपणा आपण म्हणतो, तो निम्म्याहून अधिक वॉर्निशचा असतो. तामियाच्याच एक्स-२२ क्लिअरमध्ये एक्स-२४ क्लिअर यलो आणि एक्स-२६ क्लिअर ऑरेंज थेंबाथेंबाने घालायचे, भरपूर पातळ करायचं आणि धुक्यासारखे थर मारायचे. दर थरानंतर मॉडेल उजेडात नेऊन बघा. ऑरेंज पटकन डोक्यावर बसतो.

तुमच्या पद्धती, शंका, मतभेद, सगळं इथे येऊ द्या. चामड्याबद्दल मला कमी कळतं, ते कोणीतरी नीट लिहा.

---

उत्तरवारा

छान धागा, वाचनखूण साठवली. पण ठळक रेषांबद्दल पूर्ण सहमत नाही. मॉडेल हे शेवटी हातभर अंतरावरून बघायचं असतं. स्केलचा हिशेब तंतोतंत लावला तर १/७२ मध्ये लाकडावर एकही रेघ काढता येणार नाही, आणि मग ते लाकूड आहे की पिवळट धातू हे बघणाऱ्याला कळणार कसं? पत्र्यांच्या सांध्यांनाही आपण वॉश (खाचेत सोडलेला पातळ गडद रंग) देतोच ना? तेही स्केलमध्ये बसत नाही. थोडी अतिशयोक्ती लागतेच.

दुसरं, अल्बाट्रोसचा रंग. सगळे नारिंगी मारतात. तुमचं मत काय?

---

सागवानी

@उत्तरवारा, थोडी लागते हे मान्य. माझा आक्षेप प्रमाणाला आहे. आधी लाकडाचा रंग दिसावा, मग जवळ गेल्यावर रेषा दिसाव्यात. उलटं झालं की बिघडलं.

रंगाबद्दल : नवं बर्च प्लायवूड बरंच फिकं असतं, गवती पिवळ्याकडे झुकणारं. वॉर्निशने ते उबदार होतं, आणि वॉर्निश जुनं होत गेलं की पिवळं-नारिंगी पडतं. अल्बाट्रोस डी.फाइव्हए आज जगात दोनच उरली आहेत, एक अमेरिकेत स्मिथसोनियनकडे आणि दुसरं ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलकडे. दोन्हींची पुढे डागडुजी झालेली आहे. त्यांचा आजचा रंग म्हणजे १९१७ चा रंग असं धरता येत नाही.

जुन्या फोटोंवरही फार विसंबू नये. त्या काळची फिल्म बहुतेक ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल तिला जवळजवळ दिसतच नसे आणि पिवळा असतो त्याहून काळपट येई. वॉर्निश मारलेलं फिकं लाकूड त्या फोटोत चांगलं गडद दिसतं. तो करडेपणा बघून लोक तपकिरी रंग ठरवतात.

आघाडीवर काही महिनेच टिकणारं विमान दाखवायचं असेल तर मी फिक्या पिवळ्याकडे राहीन.

---

तिसरा हात

प्रोपेलरबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे चूक रंगाची नसते, भूमितीची असते.

लाकडी प्रोपेलर एका ओंडक्यातून कोरत नसत. साधारण पाऊण इंच जाडीच्या फळ्या एकावर एक चिकटवायच्या आणि त्या थप्पीतून पात्याचा पीळ कोरून काढायचा. बऱ्याच जर्मन प्रोपेलरमध्ये अक्रोडासारखं गडद लाकूड आणि फिकं लाकूड आलटून पालटून असे, म्हणून ते पट्टे इतके उठून दिसतात. अॅक्सियल, हाइने, गरुड ही त्या वेळच्या जर्मन प्रोपेलर कंपन्यांची नावं, त्यांचे शिक्के डेकलमध्ये (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांत) येतात. ब्रिटिश प्रोपेलर पुष्कळदा एकाच जातीच्या लाकडाचे, महोगनी किंवा अक्रोड. तिथे पट्टे काढायचे नाहीत, फक्त सरसाच्या सांध्याची पुसट रेघ.

आता पट्टे कसे जातात ते. लोक पात्याच्या लांबीला समांतर सरळ टेप लावतात. तसं कधीच नसतं. फळ्या सपाट, पातं पिळलेलं. सपाट थर पिळलेल्या पृष्ठभागाने कापला की वाकडी रेघ मिळते. हबजवळ (प्रोपेलरच्या मध्याशी) पातं उभं असतं, तिथे पट्टे अरुंद आणि दाटीवाटीने येतात. टोकाकडे पातं आडवं होत जातं, तिथे एकच पट्टा पसरतो आणि निमुळत्या जिभेसारखा संपतो.

हे अंदाजाने काढायची गरज नाही. प्रोपेलर काचेच्या तुकड्यावर आडवा ठेवा, शाफ्टचं भोक बरोबर उभं राहील असा, खाली ब्लू टॅकने (चिकट मऊ पुटीने) पक्का करा. एका छोट्या ठोकळ्यावर टोकदार पेन्सिल आडवी चिकटवा. ठोकळा काचेवर सरकवत पेन्सिलीचं टोक पात्याला टेकवत पूर्ण चक्कर मारा. ही झाली एका सांध्याची रेघ. मग ठोकळ्याखाली प्लास्टिक शीटचा तुकडा सरकवून उंची वाढवा, दुसरी चक्कर. पाऊण इंच म्हणजे १/३२ मध्ये ०.६ मिमी आणि १/४८ मध्ये ०.४ मिमी. तेवढ्या जाडीची शीट लागते. प्रत्येक रेघ आपोआप बरोबर वळणाने जाते, दोन्ही पाती एकमेकांशी जुळतात, आणि मागच्या बाजूच्या रेघाही कडेवर पुढच्या रेघांना मिळतात.

सगळ्या प्रोपेलरला फिका बेस आधी देऊन वाळवलेला असावा. रेघा काढून झाल्या की एकाआड एक पट्टा बर्न्ट उंबरने बारीक ब्रशने भरायचा. टेपची गरज पडत नाही. ऑइल असल्याने कड चुकली तर थिनरमध्ये बुडवून पुसलेल्या ब्रशने सावरता येते. लाकडाची रेषा इथे पात्याच्या लांबीने, अगदी हलकी.

१/७२ ला हा उद्योग करू नका. तिथे हबच्या आसपास तीन-चार पट्टे आणि पात्यावर दोन जिभा काढल्या तरी डोळ्याला पटतं.

---

कुंचला

@तिसरा हात, ठोकळ्याची युक्ती फार सुंदर आहे. +१.

चामड्याबद्दल मी लिहिते.

चामडं रंगवताना माणसं "लेदर ब्राउन" लिहिलेली बाटली शोधतात आणि तिथेच अडकतात. चामड्याचा असा एक रंग नसतोच. चामडं ओळखू येतं ते त्याची चमक जागोजागी वेगळी असते म्हणून. जिथे सतत अंग घासतं तिथे ते गुळगुळीत आणि तुकतुकीत होतं. जिथे घडी पडते तिथे वरचा रंग फुटून आतला फिका, सुकट थर दिसतो. शिवणीच्या खाचेत मळ आणि तेल साठून काळपट होतं. या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी असतात. सगळीकडे सारखं ड्रायब्रश केलं (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासला) की तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि चामड्याचं धुळीचं ढेकूळ होतं.

कॉकपिटच्या कडेला गुंडाळलेली चामड्याची गादी घ्या. पायलट चढताना-उतरताना हात कुठे टेकवेल? बहुतेक एका ठरावीक बाजूला. तिथली झीज जास्त. समोरच्या बाजूला, विंडस्क्रीनखाली, कोणाचा हात लागत नाही. तिथे चामडं जवळजवळ नवं असतं. मी मॉडेल हातात घेऊन आधी हे ठरवते, मग रंगाला हात लावते.

क्रम असा. बेस मध्यम तपकिरी, मॅट. तामियाच्या रेड ब्राउनमध्ये (एक्सएफ-६४) डेझर्ट यलो मिसळून हवा तेवढा पिवळा करता येतो. त्यावर उजळ भाग. उजळ करायला पांढरा कधीही घालू नका, चामडं गुलाबी-करडं होऊन मेल्यासारखं दिसतं. बफ किंवा त्वचेचा रंग घाला. उजळ भाग ओढून लावायचा नाही, ब्रशच्या टोकाने टिपके देत लावायचा. टिपक्यांचा असमानपणाच चामड्याचा पोत दाखवतो. नंतर घड्या : बसायच्या जागेच्या पुढच्या कडेला मांडीमुळे आडव्या चुण्या पडतात. तिथे फिक्या रंगाच्या तुटक, केसासारख्या रेघा आणि प्रत्येक रेघेच्या खालच्या बाजूला लगोलग एक गडद रेघ. ही जोडी महत्त्वाची. एकटी फिकी रेघ ओरखडा वाटते. गडद रेघ सोबत आली की घडीला खोली येते.

मग बर्न्ट उंबर ऑइलचा पातळ वॉश शिवणी आणि बटणांच्या खाचेत, आणि उंचवट्यावरचा पुसून टाकायचा. शेवटी सगळ्यावर सॅटिन मारून, घासलेल्या भागावरच ग्लॉसमध्ये थोडं मॅट मिसळलेलं वॉर्निश ब्रशने चोळल्यासारखं द्यायचं. ही शेवटची पायरी गाळू नका. पाच मिनिटांचं काम आहे आणि चामडं त्यानेच जिवंत होतं.

काळं चामडं असेल तर बेस शुद्ध काळा नको. खूप गडद करडा घ्या, थोडा तपकिरी मिसळलेला. काळा फक्त खाचांसाठी राखून ठेवा. झिजलेल्या कडा मात्र तपकिरीच येऊ द्या.

अजून एक. किटमधली गादी पुष्कळदा अगदी सपाट येते. तिच्यावर एपॉक्सी पुटीचा कागदाएवढा थर देऊन, ओली असतानाच बोथट सुईने चुण्या दाबल्या तर रंगाचं अर्धं काम आधीच होऊन जातं.

---

नवशिका

खूप शिकायला मिळतंय, सगळ्यांचे आभार. तीन शंका :

१. माझ्याकडे एअरब्रश नाही. लाकूड जमेल का?
२. ऑइल किती दिवस वाळू द्यायचं?
३. सरळ खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्राच चिकटवला तर? खऱ्याहून खरं आणखी काय असणार?

---

बिजागरी

@नवशिका, तिसऱ्यापासून सुरू करतो. खऱ्या लाकडाच्या रेषा १/१ च्या असतात. तुमच्या १/४८ च्या विमानावर त्या अठ्ठेचाळीस पटीने मोठ्या दिसतील. सागवानींनी वर जो हिशेब दिला आहे तोच इथे लागतो. नाकावरच्या दुहेरी वळणावर पापुद्रा बसतही नाही.

त्यापेक्षा लाकडाच्या रेषांचे डेकल मिळतात, उशी व्हान डर रोस्टन आणि एचजीडब्ल्यूचे बऱ्याच जणांनी वापरलेले आहेत. पारदर्शक असतील तर खालचा बेस त्यातून दिसतो, त्यामुळे बेसवर पत्र्यापत्र्याचा फरक आधी करून घेतलाच पाहिजे. एकच मोठा तुकडा लावू नका, पत्र्याच्या मापाने कापा आणि प्रत्येक तुकडा शीटच्या वेगळ्या भागातून घ्या, नाहीतर एकच गाठ दोनदा दिसते. वळणावर डेकल सॉफ्टनर (डेकल मऊ करणारं द्रावण) लावून वाट बघा. सुरकुत्या येतात, घाबरून हात लावू नका. वाळताना बहुतेक बसतात, राहिलेल्या टोचून पुन्हा सॉफ्टनर द्या. हाताने ओढलेल्या ऑइलची मजा डेकलमध्ये नाही असं माझं प्रामाणिक मत आहे, पण अल्बाट्रोससारखा मोठा पृष्ठभाग एकसारखा नीटनेटका होतो हेही खरं.

---

सागवानी

उरलेल्या दोन्हींचं मी सांगतो.

एअरब्रश नसला तरी जमेल. बेस स्प्रे कॅनने किंवा ब्रशने दोन-तीन पातळ थरांत, फटकारे लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. ब्रशच्या खुणा राहिल्या तरी त्या लाकडाच्या बाजूनेच काम करतात. पिवळसर वॉर्निशही रुंद मऊ ब्रशने देता येतं, फक्त एका जागेवरून दोनदा ब्रश फिरवायचा नाही, खालचा थर उठतो.

वाळण्याचं रंगावर अवलंबून आहे. उंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे ते ऑइलच्या मानाने लवकर वाळतं. अगदी पातळ थर दोन-तीन दिवसांत हाताळण्याजोगा होतो. दुसरे रंग आठवडाभर घेऊ शकतात. घाईत वर लॅकर वॉर्निश मारलं तर खालचं अर्धवट ऑइल सुरकुततं किंवा तडकतं, आणि ते दुरुस्त होत नाही, सगळं उतरवावं लागतं. बोट लावून चिकट न लागणं ही परीक्षा पुरेशी नाही. लपलेल्या जागी कापसाची काडी घासून बघा, रंग आला तर अजून थांबा.

---

उत्तरवारा

कुठे लाकूड आणि चामडं दाखवायचं *नाही*, हेही या धाग्यात असावं म्हणून लिहितो.

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची लालसर तपकिरी सीट बघून अनेकजण ती चामड्याची रंगवतात. ती सीट राळ मुरवलेल्या कागदाच्या थरांची, साच्यात दाबून केलेली होती. तिच्यावर चुण्या, झिजलेल्या कडा, चामड्याची चमक यातलं काहीही नको. सपाट लालसर तपकिरी, हलकी सॅटिन, एवढंच. पाठीची गादी तेवढी गडद चामड्याची. खाली गादी दिसत नाही कारण पायलट पॅराशूटच्या गठ्ठ्यावरच बसे.

मॉस्किटो लाकडी विमान, बर्चच्या प्लायमध्ये बाल्साचा गाभा. पण वरून कापड चिकटवून पूर्ण रंगवलेलं. रंग उडालेल्या जागी लाकडाच्या रेषा काढणारे बघितले आहेत. तिथे चंदेरी ओरखडे तर त्याहून चुकीचे. फाल्ट्झ डी.थ्रीचा फ्यूजलाजही प्लायवूडचाच, पण कारखान्यातून चंदेरी-करडा रंगून येई.

सॉपविथ कॅमल या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानात सीट वेताची विणलेली. ती लाकडासारखी रेषांनी रंगवू नका. फिका पिवळा बेस आणि विणीत तपकिरी वॉश पुरतो.

---

कुंचला

कॅमल निघालंच आहे तर तेलाचे डाग. रोटरी इंजिनांत (ज्यांचे सिलिंडर प्रोपेलरसोबत फिरत) एरंडेल तेल वापरत आणि ते जळून संपत नसे, बाहेर फेकलं जाई. कॅमल, फोकर डीआर.वन, न्यूपोर यांच्या कॉकपिटपर्यंत ते येई. लाकूड आणि चामडं दोन्ही तेलाने गडद होतात, पण वेगळ्या तऱ्हेने : लाकडावर डाग रेषेच्या दिशेने पसरतो, चामड्यावर गोल, मऊ कडेचा राहतो. बर्न्ट उंबर अगदी पातळ करून, थोडं ग्लॉस वॉर्निश घालून लावा. अल्बाट्रोसमध्ये पाण्याने थंड होणारं मर्सिडीज इनलाइन (एका रांगेतल्या सिलिंडरांचं) इंजिन, तिथे असा पाऊस दाखवायचं कारण नाही, इंजिनाच्या भोवती थोडे ओघळ पुरे.

---

नवशिका

शेवटचं विचारतो. स्ट्रट आधी रंगवायचे की बसवून मग? आणि त्यांचं लाकूड फ्यूजलाजसारखंच रंगवायचं का?

---

तिसरा हात

आधी रंगवा. बसवल्यावर आतल्या बाजूला ब्रश पोचत नाही. लाकडी स्ट्रट बहुतेक स्प्रूसचे, म्हणजे लाकूड सरळ रेषांचं. इथे बर्चची लाट नको, वरपासून खालपर्यंत सरळ ओढ, गाठ एकही नाही, कारण गाठ असलेलं लाकूड स्ट्रटला घेतच नसत. टोकाला धातूच्या टोप्या असतात, त्या वेगळ्या रंगवा.

सगळे स्ट्रट टूथपिकवर खोचून एका रांगेत उभे करा, एका बैठकीत सगळ्यांना एकच रंग जातो. आणि बसवण्याआधी दोन्ही टोकांच्या खुंट्यांवरचा रंग ब्लेडने खरवडून काढा, प्लास्टिक सिमेंट रंगावर धरत नाही. पंखांमधल्या तारा दाखवणाऱ्या दोऱ्यांचं ताणकाम करताना तिथलाच सांधा सुटतो.